टेन्शन नको, घोर द्या!

'टेन्शन' या शब्दावर निदान जालना जिल्ह्यापुरती तरी बंदी घालावी, अशी माझी फार दिवसांची मागणी आहे. आठही तालुक्यांत जमत नसेल, तर सात तालुक्यांत घालावी. जालना तालुक्याला सवलत द्यायला माझी हरकत नाही, कारण तिथे लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, त्यांना वीज लागते आणि ती आणणाऱ्या तारांना 'हाय टेन्शन' असेच म्हणतात. तारांचे टेन्शन मला मान्य आहे. ते मोजता येते. त्याला खांब असतो, खांबावर कवटीचे चित्र असते, खाली 'धोका' अशी पाटी असते आणि खांबावर चढणाऱ्याला रबरी हातमोजे मिळतात, निदान मिळावेत असा नियम तरी असतो. माणसाच्या टेन्शनला यातले काहीही नसते. कुणीही उठावे आणि कुणालाही द्यावे.

हो, द्यावे. कारण हा शब्द घेता येतो आणि देताही येतो. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवले होते, की प्रत्येक नावेला एक जमा असते. १४९४ साली इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या साधूने हा नियम छापून ठेवला आणि तेव्हापासून जगातला एकही व्यवहार त्यातून सुटला नाही. सुटला तो फक्त टेन्शनचा. बायकोने नवऱ्याला टेन्शन दिले, तर तिच्याकडचे कमी व्हायला हवे, होत नाही. नवरा ते घेऊन कचेरीत जातो, साहेबाला देतो, साहेब सगळ्या खात्याला वाटतो, आणि संध्याकाळी ताळेबंद काढावा तर प्रत्येकाच्या खात्यावर टेन्शन नावेच पडलेले. जमा कुणाकडेच नाही! असा व्यवहार आमच्या शाखेत झाला असता, तर रात्री दहापर्यंत कुणी घरी गेले नसते.

आमच्या शेजारच्या वहिनींना सकाळी सात वाजता दूधवाला आला नाही म्हणून टेन्शन येते. साडेसातला तो येतो, तेव्हा दूध पातळ असल्याचे टेन्शन येते. मुलाला बारावीचे टेन्शन. त्याच्या आजोबांना, बारावीचे वर्ष असूनही पोरगा टेन्शन घेत नाही, याचे टेन्शन. नळाला पाणी कधी येणार याचे सगळ्या गल्लीला टेन्शन, आणि पाणी सुटले की मोटर कुणी लावली याचे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला उधारीचे टेन्शन आहे. ज्यांच्याकडे उधारी आहे, त्यांना मात्र नाही. ते त्याच्याच बाकावर बसून त्यालाच सांगतात, "टेन्शन नक्को लेव, भाई!"

आता या सगळ्यांना एकच गोष्ट होते आहे का? पातळ दूध आणि बारावी ही एकाच जातीची दुखणी आहेत का?

बँकेत 'सस्पेन्स' नावाचे एक खाते असते. सिनेमाशी त्याचा संबंध नाही. एखादी रक्कम येते, पण ती कुणाची, कशापोटी, याचा पत्ता लागत नाही. इकडे घड्याळ पुढे सरकत असते आणि दिवस तर मिटवायचा असतो. मग ती रक्कम सस्पेन्समध्ये टाकायची आणि डबा उचलून घरी जायचे. सोय म्हणून हे ठीक आहे. पण तिथे टाकलेली नोंद तिथेच मुरू द्यायची नसते. ती दुसऱ्या दिवशी शोधायची, तिच्या धन्याच्या खात्यात नेऊन घालायची. नाहीतर एके दिवशी तपासनीस येतो, त्या पानावर बोट ठेवतो आणि चष्म्यावरून बघत विचारतो, "हे काय आहे?" त्या प्रश्नाने भलेभले मॅनेजर पाणी मागताना मी पाहिले आहेत.

टेन्शन हे मराठी भाषेने उघडलेले सस्पेन्स खाते आहे. मनात काहीतरी हलले. भीती आहे की काळजी, आजची आहे की उद्याची, स्वतःची आहे की लेकराची, हे बघायला वेळ नाही. टाका टेन्शनमध्ये! आणि तपासनीस काही येत नाही.

वास्तविक आमच्याकडे खात्यांची कमी कधीच नव्हती. निकालाच्या आदल्या रात्री असते ती धाकधूक. तिच्यात एक ठोका भीतीचा असतो आणि एक आशेचा. निकाल लागतो, मुलगा पुण्याला शिकायला निघतो आणि त्याची एस.टी. वळणाआड गेली, की आईला लागते ती हुरहूर. घरी येऊन बघावे तर लाडवांचा डबा ओट्यावरच राहिलेला. मग दिवसभर राहते ती रुखरुख. रात्री अकरापर्यंत त्याचा फोन येत नाही तेव्हा होते ती घालमेल. बारा वाजता आपण फोन लावावा आणि तो बंद लागावा, की छातीत धस्स होते. एक वाजता 'बॅटरी उतरली होती' असे तो जांभई देत सांगतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. (कोणत्या भांड्यात, हे विचारायचे नसते. तूर्तास लाडवांचा डबा समजा.) आणि दुसऱ्या दिवशी खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे, क्लासची फी असे आकडे कागदाच्या पाठीवर मांडताना बापाच्या कपाळावर जे दिसते, ती विवंचना. एका पोराने एका रात्रीत सात खाती फिरवली! आणि हल्ली त्याच पोराची आई विचारल्यावर काय सांगते? "गेल्यापासनं नुसतं टेन्शन आलंय बघा." ऐकणारीही मान डोलावून म्हणते, "येणारच हो." दोघींनी मिळून सात खात्यांचे लेजर फाडून टाकले, हे दोघींच्याही गावी नसते.

आणखी वजनदार शब्द मी अजून काढलेलेच नाहीत. घोर हा शब्द घ्या. घोर जिवाला लागतो, डोक्याला नाही. तो महिनोन् महिने लागून राहतो, आणि बहुधा तो स्वतःसाठी नसतो. लेकीसाठी असतो, आजारी माणसासाठी असतो. धसका एकदाच बसतो, पण आयुष्यभर उठत नाही. हाय खाल्लेला माणूस अन्न खात नाही. (हीच खरी आमची 'हाय', तारांवरची नव्हे.) आणि भ्रांत! संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत, असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाल्ला, त्या पिढीतली माणसे आमच्या काउंटरवर पेन्शनला येतात. त्यांच्या तोंडी हा शब्द मी ऐकला आहे. "तवा भाकरीची भ्रांत व्हती, सायेब," असे एक आजी म्हणाल्या आणि पुन्हा नोटा मोजायला लागल्या. 'तेव्हा जेवणाचे टेन्शन होते' असे त्या म्हणाल्या असत्या, तर मी बहुधा मान वरही केली नसती. आमच्या गल्लीत जेवणाचे टेन्शन मोलकरीण रजेवर गेली तरी असते.

आमचे शब्द शरीरशास्त्र शिकून आलेले आहेत, हा त्यांचा आणखी एक गुण. पोटात गोळा येतो, छातीत धडकी भरते, तोंडचे पाणी पळते, बोबडी वळते, अंगावर काटा येतो, हातपाय गळतात. वैद्याला यापेक्षा आणखी काय हवे? रोग्याने नुसता वाक्प्रचार सांगावा आणि त्याने तिथे नळी लावावी. पण नव्या पद्धतीत रोगी सांगत नाही, डॉक्टरच विचारतात, "टेन्शन घेता का?" केस गळतात, पित्त होते, साखर वाढली, गुडघा धरला, कुठलीही तक्रार घेऊन जा, प्रश्न हाच. आपण 'घेतो' म्हणायचे. त्यावर ते "घेऊ नका" म्हणून सांगतात आणि फी घेतात. म्हणजे घेणे दोन्हीकडे आहेच. खेड्यात तर डीपी जळते आणि बीपी वाढतो, एवढ्या दोन यंत्रांत सगळे जग आटोपले आहे.

हे बोललो की आमच्या शाखेतला नवा अधिकारी मला समजावतो. मुलगा गुणी आहे. "सर, लँग्वेज ग्रो होत असते," तो म्हणतो. "तुम्ही बँकेत चेक म्हणता, ड्राफ्ट म्हणता, लोन म्हणता, मग टेन्शनवरच राग का?"

राग नाही, हिशेब आहे. चेक आला तेव्हा तो छापील कागदही नवा होता. कागद आला, त्याच्यावर बसून शब्द आला. रीतसर आला. पण काळजी काय बोटीतून आली? आमच्याकडे वस्तू होती, शब्द होता, एका शब्दाच्या जागी पंधरा होते. आणि बाहेरच्या शब्दांचे आम्हाला वावडे असते, तर मराठवाड्यात आम्ही तोंडच उघडले नसते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचा होता. फिकीर, दहशत, हैराण, बेजार, हवालदिल हे सगळे फारसी-अरबीकडून आलेले पाहुणे. पण त्यांनी घरात येऊन कामे वाटून घेतली. बेजार कंटाळलेल्याला मिळाला, हवालदिल धीर सुटलेल्याला मिळाला, फिकीर बहुतेक वेळा 'नाही' म्हणण्यासाठीच वापरायची, असे ठरले. काळजी काळजीच्या जागी राहिली, फिकीर फिकिरीच्या. नांदायला आलेली सून आणि घर रिकामे करायला आलेला भाडेकरू यांत फरक आहे की नाही?

शुद्धीवाल्यांनाही माझा नमस्कार आहे, पण लांबून. सावरकरांनी मेयरला महापौर केले, ते उत्तम झाले. परंतु टेन्शन काढून तिथे 'ताणतणाव' बसवणाऱ्यांनी काय साधले ते मला कळत नाही. तणावा म्हणजे तंबूची दोरी. 'मला तणाव आहे' हे वाक्य तंबूने म्हटले तर शोभेल. टेन्शनचे मूळही लॅटिनमध्ये ताणणे असेच आहे, म्हणजे आपण फक्त खात्याच्या नावाची पाटी मराठीत रंगवली. खाते सस्पेन्सच!

बरे, इंग्रजांचे घर गरीब आहे म्हणून त्यांनी आपल्याला एकच शब्द दिला, असेही नाही. त्यांचा 'वरी' हा शब्द जुन्या इंग्रजीत गळा दाबण्याचा. कुत्रा मेंढीच्या नरड्याला धरतो, तसा. 'एन्झायटी'चे लॅटिन मूळही आवळण्याचेच. 'अलार्म' ही इटालियन सैन्याची हाक, 'शस्त्रे घ्या!' अशी, आपण तो उशाशी ठेवतो आणि वाजला की पुन्हा झोपतो. 'पॅनिक' तर ग्रीकांच्या पॅन नावाच्या देवावरून निघाला. हा बकऱ्याच्या पायांचा देव रानात मेंढपाळांना दचकवत असे. आमच्या धनगरांना हा देव ठाऊक नाही, पण पॅन कार्ड ठाऊक आहे. ३० जून २०२३ ही ते आधारला जोडण्याची शेवटची तारीख होती, त्याला हजार रुपये पडत होते, आणि त्या आठवड्यात आमच्या काउंटरपुढे जे लोक उभे होते त्यांच्याकडे पाहून माझी खात्री झाली, की ग्रीकांची व्युत्पत्ती बरोबर आहे. सांगायचे ते असे, की भरल्या घरातून आम्ही एकच पातेले उसने आणले आणि त्यातच वरण, त्यातच चहा, त्यातच अंघोळीचे पाणी!

खुद्द मोल्सवर्थसाहेबाला आमच्या शब्दांची किंमत कळली होती. त्याने मराठीतला एकेक शब्द वेचून त्याचा अर्थ इंग्रजीत लिहून ठेवला. त्याच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ साली. त्या वर्षी इंग्रजांचीच पाचावर धारण बसली होती, म्हणजे वेळही नेमकी साधली.

'पाचावर धारण' यावरून आठवले. हा वाक्प्रचार आम्हा बँकवाल्यांनी चौकट करून लावावा असा आहे. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. दुष्काळ पडला, धान्याचा भाव रुपयाला पाच शेरांवर येऊन बसला, की लोकांची गाळण उडे, अशी त्याची एक उपपत्ती सांगतात. (रुपयाला पाच शेर! आज हा भाव निघाला तर जालन्याच्या मोंढ्यात पेढे वाटतील.) भीती मोजायला आमच्या पूर्वजांनी बाजारभाव घेतला, हे मला फार आवडते. सरकारही पुढे त्याच वाटेने गेले. पिकाची पैसेवारी, जिला गावाकडे अजून आणेवारीच म्हणतात, ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळ मानला जाई. तसेच धाबे दणाणणे. आमच्याकडच्या जुन्या घरांवर मातीचे सपाट धाबे असायचे. मध्यरात्री त्यावर पावले वाजली, की खाली झोपलेल्याचे काय होत असेल, हे ज्याने अशा घरात एक रात्र काढली आहे त्याला कोश लागत नाही. स्लॅबच्या घरात धाबे दणाणत नाही, फक्त वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड फर्निचर सरकवते.

खऱ्या भीतीला इंग्रजी येत नाही, हा माझा सगळ्यात भक्कम पुरावा. २० जुलै २०२३ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या असंख्य मोबाइलवर सरकारने आपत्कालीन सूचनेची चाचणी घेतली होती. आमची शाखा भरलेली. एकदम रांगेतले फोन कर्कश किंचाळायला लागले. खिशात, पिशवीत, पदराआड, कॅशियरच्या पेटीजवळ. आता एरवी याच रांगेत 'टेन्शन', 'पॅनिक', 'शॉक' यांचा पाऊस पडत असतो. त्या क्षणी एकाच्याही तोंडून इंग्रजी शब्द बाहेर पडला नाही! "आई गं!" झाले, "अगं माय!" झाले, "या अल्ला!" झाले, एका गृहस्थांनी जे म्हटले ते छापता येणार नाही, पण तेही अस्सल होते. नव्या अधिकाऱ्याने "अगाई!" म्हटले, हे मी माझ्या कानांनी ऐकले. मग पडद्यावरचा मजकूर वाचून झाला, ती नुसती चाचणी आहे असे कळले, सगळे हसले, आणि तेव्हा कुठे पहिला आवाज आला, "च्यायला, टेन्शनच आलं होतं." म्हणजे घाबरगुंडी मराठीत उडाली, आणि ती ओसरल्यावर तिचे भाषांतर झाले.

एक खुलासा करतो, नाहीतर कुणी मानसोपचार करणारे डॉक्टर माझ्यावर रागावतील. पॅनिक अटॅक, डिप्रेशन, एन्झायटी हे आजार आहेत. त्यांना औषध आहे आणि ते घ्यावे; तपासणाऱ्याने आजाराला कोणत्याही भाषेतले नाव द्यावे, माझी तक्रार नाही. माझे भांडण आहे ते कुकरची शिट्टी झाली नाही म्हणून पॅनिक अटॅक आणणाऱ्यांशी आणि मालिकेचा भाग चुकला म्हणून डिप्रेशनमध्ये जाणाऱ्यांशी. त्यांनी ही नावे इतकी स्वस्त केली आहेत, की ज्याला खरोखर आजार आहे त्याने सांगितले, तर घरचे म्हणतात, "अरे, मलापण असतं अधूनमधून. चहा पी."

आता हे सगळे जालन्याने का मनावर घ्यावे? कारण काळजीच्या धंद्यात आमचा जिल्हा पहिल्यापासून आहे. जिल्हा म्हणून आम्ही १ मे १९८१ चे. पण त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी, १६०८ साली, आज घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब गावी सूर्याजीपंत ठोसरांच्या घरात नारायण नावाचा मुलगा जन्मला. हा मुलगा एकदा दिसेनासा झाला आणि शोधाशोध करता अंधाऱ्या अडगळीत बसलेला सापडला. काय करतोस म्हणून आई राणूबाईंनी विचारले तेव्हा त्याने विश्वाची चिंता करत बसल्याचे सांगितले, ही कथा इथे प्रत्येक पोराला ठाऊक असते. चिंता, विश्वाची! अडगळीच्या खोलीत बसून 'टेन्शनमध्ये आहे' असे तो म्हणाला असता, तर राणूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या आणि समर्थ रामदास होण्याचे राहून गेले असते.

पुढे बाराव्या वर्षी त्याचे लग्न ठरले. मंगलाष्टके चालू असताना 'सावधान' हा शब्द कानी पडला आणि नवरदेव बोहल्यावरून पळाला, तो थेट नाशिककडे. धोक्याचा इशारा म्हणावा असा हा मराठी मुलखातला सगळ्यात जास्त वेळा दिलेला इशारा. आजही प्रत्येक लग्नात, भर गर्दीत, भटजी ठणठणीत आवाजात देतात, आणि आजवर तो ऐकून हलल्याचा पुरावा एकाच नवरदेवाचा आहे. बाकीचे आम्ही अक्षता झेलत उभे राहिलो. त्याच मंगलाष्टकांत शेवटी 'ताराबलं चंद्रबलं' येते. ते ऐकू आले की मुहूर्ताची घटका भरली, म्हणून करवल्या, वाजंत्री, पंगतवाले यांची एकच धावपळ उडते आणि त्यावरून 'तारांबळ' हा शब्द आला, असे सांगतात. म्हणजे एका लग्नाच्या मांडवात मराठीला घाबरण्याचे दोन अव्वल दर्जाचे शब्द मिळतात. आणि वधूपिता मात्र घाम पुसत म्हणतो, "केटररचं टेन्शन आहे हो."

समर्थांनी पुढे मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले आणि दासबोधाच्या तिसऱ्या दशकात माणसाला होणाऱ्या तापांचे तीन प्रकार पाडून एकेकाला एकेक समास दिला. शरीरातून उठणारा वेगळा, बाहेरच्या जगाकडून येणारा वेगळा, दैवाकडून येणारा वेगळा. याला म्हणतात खातेवाटणी. चारशे वर्षांपूर्वीचा मनुष्य तीन लेजरे ठेवत होता, आणि आम्ही संगणक आल्यावर एका सस्पेन्सवर आलो.

इथवर थट्टा झाली. आता ज्यासाठी हे लिहायला घेतले, ते सांगतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. अंबड, घनसावंगी, बदनापूर भागात लोकांनी टँकरने पाणी आणून झाडे जगवायचा प्रयत्न केला, आणि नाही जगली तेव्हा ती स्वतःच्या हाताने तोडली. मोसंबीला फळ धरायला काही वर्षे लागतात. ती वर्षे कर्जावर काढलेली असतात. बँकेच्या काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याला हे आकड्यांत दिसते. पलीकडे उभ्या असलेल्याचा चेहरा दिसतो. त्या दिवसांत आणि त्यानंतरही, पीककर्जाच्या खिडकीशी आलेला माणूस काय बोलतो? पासबुक पुढे सरकवतो, इकडे तिकडे बघतो आणि म्हणतो, "थोडं टेन्शन हाय, सायेब."

थोडे टेन्शन! त्याच्यामागच्या माणसालाही टेन्शन आहे. त्याच्या एटीएम कार्डाचा आकडा चार वेळा चुकला आहे. त्यामागच्या मुलीलाही आहे. तिला स्कॉलरशिप जमा झाल्याचा संदेश आलेला नाही. तिघांचा शब्द एक, आवाज एक. यातला कोणता माणूस दोन रात्री झोपलेला नाही आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसतो, ते या शब्दावरून देवालाही कळणार नाही. पूर्वी हाच माणूस 'घोर लागलाय' म्हणाला असता तर चार माणसे वळून बघती. 'जीव नको नको झालाय' म्हणाला असता तर कुणीतरी त्याला एकटे घरी जाऊ देते ना. धोक्याची घंटा अशी पाहिजे की ती शाळेच्या घंटेपेक्षा वेगळी वाजली पाहिजे. आम्ही दोन्ही एकाच दोरीला बांधल्या.

सरकारच्याही हे ध्यानात आलेले दिसते. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांची विचारपूस करायची, असा त्याचा गाभा. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची 'टेली-मानस' सेवा आहे. १४४१६ हा आकडा फिरवला की पैसे न पडता कुणाशी तरी बोलता येते, आपल्या भाषेत. चांगले आहे, आणि तो आकडा आमच्या शाखेत व्याजदराच्या फलकाशेजारी लावला आहे. पण फोन लागल्यावर बोलायचे काय? पलीकडची बाई मराठीत विचारील, काय होतंय? त्याला सांगता आले पाहिजे, की पोटात खड्डा पडतो, जीव थाऱ्यावर नसतो, सावकार दारात येईल या धास्तीने पहाटेच घर सोडतो. शब्द होते त्याच्याजवळ. त्याच्या आजीने ते रोज वापरले. आपण शहाण्यासुरत्यांनी, टीव्हीवाल्यांनी, डॉक्टरांनी, पेपरवाल्यांनी, ते गावंढळ ठरवून त्याच्या हातात एक चकचकीत इंग्रजी नाणे दिले, जे कुठल्याच बाजारात पूर्ण किमतीला चालत नाही.

'काळजी' या शब्दाचे तर मला राहून राहून नवल वाटते. काळजी 'करतात', तेव्हा ती स्वतःला जाळते; काळजी 'घेतात', तेव्हा ती दुसऱ्याला सांभाळते. शब्द तोच. जगातल्या किती भाषांना हे जमले असेल! एस.टी.च्या खिडकीखाली उभी राहून आई म्हणते "काळजी घे रे", आणि स्वतः ती करायला घरी जाते. तिथे टेन्शन घालून बघा. "टेन्शन घे रे बाळा!" पोरगा गाडीतून उतरेल.

तेव्हा कायदा होईल तेव्हा होवो, मी माझ्या खिडकीपुरती बंदी लागू करून टाकली आहे. कुणी 'टेन्शन' म्हणाला, की मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, "कोणत्या हेडखाली टाकू?" पहिल्यांदा लोक गोंधळले. आता सरावले आहेत. परवा एक भोकरदनकडचे काका आले, म्हणाले टेन्शन आहे. मी विचारले. त्यांनी टोपी काढून डोके खाजवले, बराच वेळ घेतला, आणि म्हणाले, "तसं काळजीचं कारण न्हाई. पेरून झालंय, पावसानं चार दिस ओढ दिलीय, तेवढी धाकधूक हाय." म्हटले, मग बसा, चहा घ्या. त्यांच्यामागच्याने हेड सांगितले नाही. नुसता बघत राहिला. त्याला मी आत नेऊन बसवला आणि खिडकीवर 'थोड्या वेळात येतो' ही पाटी लावली.

त्या दिवशी रांग दारापर्यंत गेली. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले, रांगेकडे पाहिले, पाटीकडे पाहिले, आत चहाचे कप पाहिले आणि म्हणाले, "अहो, तुमच्यामुळे मला टेन्शन यायला लागलंय."

मी अदबीने विचारले, "कोणत्या हेडखाली, साहेब?"